बारावा हात

कापणीच्या तिसऱ्या दिवशी वस्ताद गंजीवरून पडले, आणि पडले तेही नेमके उजव्या हातावर. गव्हाच्या पेंढ्या रचत रचत ते दोन पुरुष उंच चढले होते. खालून डावरी पेंढ्या फेकत होती. तिनं फेकलेली एक पेंढी त्यांच्या अपेक्षेच्या उलट्या बाजूला गेली, ती झेलायला ते वाकले आणि पेंढीच्या आधी खाली आले.

आई विळा टाकून धावत आली. "अहो, काय झालं?"

"काही नाही, उतरलो," वस्ताद म्हणाले. मग त्यांनी आपल्या मनगटाकडे पाहिलं आणि तोंड दुसरीकडे फिरवलं.

डावरी म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. तिला चांगलं नाव होतं, पण ते शाळेच्या दाखल्यावरच राहिलं. सव्वीस वर्षांची झाली तरी गाव तिला डावरीच म्हणायचं. खरं तर ती लिहायची उजव्यानं, जेवायची उजव्यानं, विळाही उजव्यानंच चालवायची. लहानपणी वस्तादांनी जुन्या चादरीची पट्टी फाडून तिचा डावा हात दोन वर्षं कमरेला बांधून ठेवला होता. हात सरळ झाला, पण नाव काही सुटलं नाही.

डॉक्टरांनी सहा आठवड्यांचं प्लास्टर घातलं. "हाड जुळेल," ते म्हणाले, "पण मनगट पहिल्यासारखं फिरणार नाही."

"किती फिरेल?" वस्तादांनी विचारलं.

डॉक्टरांनी हवेतच नळ उघडून दाखवला. "एवढं."

"आणि तलवार?"

डॉक्टरांनी आईकडे पाहिलं. "यांचा धंदा काय?"

धंदा तोच होता. कापणीच्या दिवसांत वस्ताद इतरांसारखे शेतात राबत, पण एरवी तीस वर्षं ते गावच्या तालमीत तलवार शिकवत आले होते. तालीम म्हणजे पत्र्याची लांबलचक शेड, मऊ माती, भिंतीला टेकवलेल्या लाकडी तलवारी आणि मागं दोन खोल्या. शिकवील त्यानं त्या खोल्यांत राहायचं, असा तालमीचा नियम. डावरी त्याच खोल्यांत जन्मली होती. तलवारीच्या वाराला तालमीत हात म्हणत. पहिला हात, दुसरा हात, असे बारा हात. ज्याला बाराही येतात तो शिकवायला लायक, आणि तसे गावात तिघंच होते. एक वस्ताद, ज्यांचं मनगट आता नळापुरतं उरलं होतं. दुसरा गिरणीवाल्यांचा जावई. तो सासुरवाडीला येऊन राहिला होता म्हणून सगळं गाव त्याला जावईच म्हणायचं. तिसरी डावरी.

चौथ्या दिवशी तालमीचे तिघे कारभारी बाकावर येऊन बसले. मधे गिरणीवाले, भुवयांवर पिठासकट. एका बाजूला निवृत्त मास्तर आणि दुसऱ्या बाजूला बहिरे आजोबा, ज्यांना काही ऐकू येत नसे पण मत मात्र प्रत्येक गोष्टीवर असे.

"वस्ताद, तुमच्या हाताचं वाईट वाटतं," गिरणीवाले म्हणाले. "पण पोरांचं शिकणं थांबवता येत नाही. आमचे जावईबापू तयार आहेत."

"माझी मुलगीही तयार आहे," वस्ताद म्हणाले.

दारात उभ्या डावरीला हे तेव्हाच कळलं. आपल्याला कोणी विचारलं होतं का, हे तिला आठवेना.

"ती चांगलीच आहे हो," मास्तर म्हणाले. "पण तलवार धरते डाव्यात. रांगेत वीस पोरं उजव्यानं वार करणार आणि पुढं उभी राहून ही डाव्यानं. एखादं पोर हिचं बघून फिरलं तर शेजारच्याचं नाक जाईल."

हे काही खोटं नव्हतं. डावरीची तलवार डाव्यातच राहिली, त्यालाही कारण होतं. नवव्या वर्षी ती वस्तादांसमोर उभी राहिली तेव्हा ते म्हणाले, "मी करतो तसं कर." समोर त्यांचा उजवा हात तिच्या डाव्या बाजूला दिसत होता, म्हणून तिनं डावा उचलला. आरशात बघून केल्यासारखं सगळं जुळलं. वर्षभर वस्तादांनी आरडाओरडा केला आणि मग हात टेकले. जेवताना, लिहिताना पट्टी बांधणारा बाप तलवारीपाशी का थांबला, हे तिला तेव्हा कळलं नव्हतं आणि पुढंही कळलं नाही.

"उजव्यानं दाखवेल," वस्ताद म्हणाले. "कापणी संपेपर्यंत मुदत द्या."

गिरणीवाल्यांनी शेजारच्या दोघा कारभाऱ्यांकडे पाहून हिशोब मांडला. "पंधरा दिवस. बाराही हात उजव्यानं. मग जावईबापूंशी सामना, आधी तीन वार लावील त्याची तालीम. आणि एक वार जरी डाव्यानं झाला, तरी खेळ तिथंच संपला. मग पंधरा दिवसांत खोल्या मोकळ्या करायच्या. कबूल?"

"गहू चांगला आहे यंदा," बहिरे आजोबा म्हणाले, आणि ते सगळ्यांनी कबुली म्हणून धरलं.

दुसऱ्या दिवसापासून दिवसाला दोन टोकं आली. सकाळी कापणी, संध्याकाळी तालीम. वस्तादांचा वाटाही आता मायलेकींवर पडला होता. शिवाय आभाळ रोज दुपारी भरून येई आणि न पडता निघून जाई, त्यामुळे मुकादम मागं लागलेला असे. डावरी उजव्या हातानं सपासप कापत जाई. गव्हाचं कूस मानेत, कोपरांच्या खळग्यात, पापण्यांवर बसे. कमरेत काटा मोडल्यासारखं दुखे. तिच्या उजव्या हातात बळ भरपूर होतं. पण संध्याकाळी त्याच हातात तलवार दिली की तो हात बावळटासारखा वागे. विळ्याला नुसतं ओढायचं माहीत असतं, आणि हातानं तेवढंच शिकून घेतलेलं.

"ओढू नकोस!" वस्ताद बाकावरून ओरडत. "गवत कापतेस का? सोड. डावीकडून उजवीकडे सोड."

"माझ्या डावीकडून की तुमच्या?"

"तुझ्या! माझ्या डावीकडचं तू काय करणार आहेस?"

ती सोडे. तलवार भलतीकडे जाई. पाचवा हात करताना ती एकदा स्वतःच्याच गुडघ्यावर आदळली, आणि शेडच्या दारात बघायला जमलेली पोरंपोरी खिदळली. एक चिमुरडी म्हणाली, "हिला आमच्या वर्गात बसवा." डावरी स्वतःही हसली, पण कान तापले. जो पाचवा हात डाव्यानं तिच्या हातचा मळ होता, तोच उजव्याला आठ दिवसांत जमत नव्हता.

वस्तादांनाही सांगून दाखवता येत नव्हतं. आयुष्यभर त्यांनी करून दाखवलं होतं, बोलून नाही. तोंडानं सांगू लागले की ते डावं-उजवं हमखास चुकत. आधी बोलत, मग थांबत, बोटं चाळवून बघत आणि मग म्हणत, "नाही, दुसरीकडून." डावरीला वाटे, दुखण्यानं डोकं चालत नसेल.

नवव्या दिवशी त्यांचा संयम सुटला. ते बाकावरून उठले, प्लास्टरचा हात पोटाशी धरला, भिंतीची तलवार डाव्या हातात घेतली आणि तिच्यासमोर उभे राहिले.

"बघ," ते म्हणाले, आणि पाचवा हात केला.

तलवार गेली ती पाण्यातून मासा जातो तशी. खांदा नाही, झटका नाही, पायाखालची माती हललीसुद्धा नाही. मग त्यांनी सहावा केला, सातवा केला. डावरी तलवार खाली धरून बघतच राहिली. तीस वर्षं गावानं वस्तादांचा उजवा हात पाहिला होता, आणि तो चांगलाच होता. पण हे काही वेगळंच होतं.

"बघतेस काय? कर."

तिनं केलं. समोर त्यांचा डावा, इकडे तिचा उजवा, पुन्हा तोच आरसा. आणि तो मठ्ठ उजवा हात पहिल्यांदाच त्यांच्यामागून बिनबोभाट गेला. सहाव्यापर्यंत गेला, सातव्यापर्यंत गेला.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही डावरे आहात?"

वस्तादांनी तलवार भिंतीला टेकवली. "लाकूड धरलंय नुसतं. आठवा हात उद्या," असं म्हणून ते खोलीत गेले.

आई चुलीपुढं पीठ मळत होती. डावरीनं तिला गाठलं. "आई, तुला ठाऊक होतं?"

"मला?" आईनं हात थांबवला नाही. "लग्नानंतर हे दार लावून दाढी करायचे. मला वाटलं, नवीन नवीन लाजत असतील. एकदा चुकून दार उघडलं, तर वस्तरा डाव्यात. मला बघितल्यावर घाईनं उजव्यात घेतला आणि गाल कापून घेतला. तेव्हापासून मी दार वाजवून जाते."

"आणि तू काही विचारलं नाहीस?"

"विचारलं की. म्हणाले, माझ्या वस्तादानं लहानपणी हात बांधला, म्हणून मी वस्ताद झालो. नाहीतर डावललं असतं."

"मग माझा कशाला बांधला?"

"तेच सांगितलं ना," आई म्हणाली. आणि ते सांगून झालं होतं की नव्हतं, हे डावरीला ठरवता येईना.

तिला राग आला होता, एवढं नक्की. पण तो कोणावर काढायचा तेच समजेना. बांधणाऱ्यावर काढावा, तर तो स्वतःच बांधलेला निघाला. त्याची कीव करावी, तर कमरेला पट्टी बांधून वाकड्या अक्षरांत बाराखडी गिरवणारी ती सहा वर्षांची पोर आठवे. सकाळी तिनं वस्तादांना पाहिलं. दार सताड उघडं टाकून ते डाव्या हातानं दाढी करत होते. नाइलाज होता, उजवा प्लास्टरमध्ये होता. पण त्यांच्या तोंडावर नाइलाज काही दिसत नव्हता.

उरलेले दिवस ते समोर उभे राहून डाव्यानं दाखवत गेले आणि ती उजव्यानं करत गेली. आठवा बसला, नववा बसला. पण जसजसा उजवा शहाणा होत गेला तसतसं डावरीचं बाकीचं सगळं बिघडत गेलं. पाण्याचा तांब्या कुठल्या हातानं उचलायचा याचा तिला विचार करावा लागे. चप्पल उलटी घातली जाई. मुकादमानं "उजव्या बांधानं ये" म्हटलं तर ती दोन्ही हातांकडे बघत उभी राहिली.

"काय गं, ऊन लागलं का?" मुकादमानं विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "येते."

सगळ्यात त्रास बाराव्या हातानं दिला. त्यात दोन्ही हातांनी मूठ धरून शत्रूकडे पाठ करत पूर्ण गिरकी घ्यायची आणि गिरकी संपता संपता एक हात सोडून दुसऱ्यानं वार करायचा. सोडायचा कुठला ते आधी ठरवलेलं असावं लागतं, कारण गिरकीत ठरवायला वेळ नसतो.

"डावा सोडायचा. डावा," वस्ताद बजावत. "माझ्याकडे बघून करू नकोस. गिरकीत मी दिसणार नाही."

"हो."

"काय सोडायचा?"

"डावा," ती म्हणे, आणि तरी डाव्या हाताचा अंगठा चाचपून खात्री करून घेई.

कापणी संपली त्या दुपारी शेड भरली. शेतातून लोक तसेच आले होते, अंगावरचं कूस घेऊन. आभाळ काळं झालं होतं आणि पत्र्याखाली दिवसाउजेडी संध्याकाळ झाल्यासारखं वाटत होतं. तिघे कारभारी एका बाजूच्या बाकावर बसले. वस्ताद समोरच्या भिंतीशी उभे राहिले. आई घरात कामाचं निमित्त करून दाराच्या फटीशी.

बारा हात डावरीनं उजव्यानं करून दाखवले. सुंदर झाले नाहीत, पण चुकलेही नाहीत. मास्तरांनी मान डोलावली. मग जावई मैदानात आला. धिप्पाड आणि भला माणूस होता. तलवार कपाळाला लावून म्हणाला, "ताई, जपून खेळू."

पहिला वार त्यानं तिच्या दंडावर लावला. दुसरा तिनं त्याच्या मांडीवर. तिसरा पुन्हा त्याचा, बरगडीखाली, जपून म्हणता म्हणता चांगला ठणकणारा. चौथ्याला तो पाय घसरून जरा पुढं आला आणि तिची तलवार त्याच्या पोटाला टेकली. दोघांचे दोन दोन झाले. एका वारावर दोन खोल्या उभ्या होत्या, आणि हे शेडमधल्या लहान पोरालाही कळत होतं.

डावरीच्या डोळ्यांत घाम जात होता. जावई उजवीकडून आला, तिच्या का त्याच्या हे तिला त्या क्षणी सांगता आलं नसतं. तिनं दोन्ही हातांनी मूठ धरली, पाठ केली, गिरकी घेतली. पत्रे, भिंत, बापाचा चेहरा, तिघांचा बाक असं सगळं फिरलं आणि तलवार सुटली. जावयाच्या खांद्याजवळ मानेखाली ती अशी बसली की तो खाली बसला. तलवार तिच्या हातून निसटून मातीत पडली.

मग एकच गलका झाला.

"लागला! तिसरा लागला!"

"डाव्यानं लागला!"

"कुठला डाव्यानं? उजव्यानं मारला, मी इथंच होतो!"

"तिचा उजवा की आपला उजवा?"

"तिची पाठ होती रे तेव्हा, मग तिचा उजवा तो आपलाच उजवा!"

"पण वार फिरल्यावर केला. तोंड इकडे होतं, म्हणजे आपला उजवा तो तिचा डावा!"

मास्तर उठून स्वतः गिरकी घेऊन बघू लागले आणि चक्कर येऊन खाली बसले. गिरणीवाल्यांनी हात वर केला. "थांबा. हाताच्या काकणाला आरसा कशाला? तिलाच विचारू. बोल, कुठल्या हातानं मारलास?"

डावरीनं आपल्या दोन्ही हातांकडे पाहिलं. दोन्ही तळवे लाल होते. उजवा म्हटलं की घर राहणार होतं. आईनं दाराची फट मोठी केली होती. तिनं आठवून पाहिलं, पत्रे, भिंत, बापाचा चेहरा, आणि पुढं नुसता हलकेपणा.

"मला माहीत नाही," ती म्हणाली.

"असं कसं माहीत नाही? हात तुझेच आहेत ना?"

कोणीतरी हसलं. तिला रडू आलं ते हातांवरून नाही, तर हे उत्तर खरं होतं म्हणून.

"जावईबापू, तुम्ही सांगा. तुम्ही तर समोर होता."

जावई खांदा चोळत उठला. सासरा त्याच्याकडे डोळे वटारून बघत होता. "मामा, मला लागला एवढंच कळलं. हात दिसला असता तर अडवला नसता का?"

"गहू घरात आला का सगळ्यांचा?" बहिऱ्या आजोबांनी विचारलं.

मास्तर म्हणाले, "शंकेचा फायदा पोरीला द्यावा. कोणीच पाहिलं नसेल तर उजवाच धरू."

गिरणीवाल्यांनी नाइलाजानं मान हलवायला सुरुवात केली. आईनं दार पूर्ण उघडलं. डावरीला श्वास आला.

"डावा होता," समोरच्या भिंतीकडून वस्ताद म्हणाले.

वर पत्र्यावर टपोरे चार थेंब वाजले आणि थांबले.

"वस्ताद, हात दाखवून अवलक्षण कशाला?" मास्तर हळूच म्हणाले. "नक्की पाहिलंत का? गिरकी होती. तुमचा डावा की तिचा?"

"तिचा. दोन वर्षं मी स्वतः बांधला होता तो. मला ओळखू येणार नाही तर कोणाला येईल?"

गिरणीवाल्यांनी जावयाच्या हाती तालमीची किल्ली दिली. जावयानं ती अशी घेतली की जणू त्याच्यावरच काही गुन्हा शाबीत झाला होता. लोक पांगले. आई आत गेली आणि भांड्यांचा बराच आवाज आला.

पंधरा दिवस डावरी बापाशी धड बोलली नाही. भांडायला तोंड उघडलं की काय म्हणायचं तेच सुचत नसे. खोटं बोलले असते तर भांडता आलं असतं. वस्तादांनीही काही समजावलं नाही. ते दार उघडं ठेवून दाढी करत आणि डाव्या हातानं जेवत. आईच्या भावानं गोठ्यापलीकडची एक खोली द्यायचं कबूल केलं होतं, आणि शेवटच्या दिवशी उन्हं कलताना त्याची गाडी दारात येऊन उभी राहिली.

गाद्या गेल्या, भांडी गेली. भिंतींवर खिळ्यांची भोकं आणि तेलकट डोक्यांचे डाग तेवढे उरले. पलीकडे शेडमध्ये जावई पोरांना पहिला हात शिकवत होता, त्याचे आकडे इथवर ऐकू येत होते. डावरी रिकाम्या खोलीच्या मधोमध उभी राहिली आणि शेवटी बोललीच.

"बाबा, तुम्ही गप्प राहिला असतात तर आपण इथंच राहिलो असतो."

"राहिलो असतो."

"कोणी पाहिलं नव्हतं. मलासुद्धा माहीत नव्हतं."

"म्हणून तर सांगावं लागलं."

"का पण?" तिचा आवाज फाटला. "बांधताना विचार केला नाहीत. आणि आता जिथं झाकायचं तिथं सगळ्या गावासमोर सोडलात. मला तुमचं काही कळत नाही."

"तीस वर्षांत तसा बारावा हात मी पाहिला नाही," ते म्हणाले. "माझा स्वतःचासुद्धा नाही झाला तसा कधी. इतका चांगला वार उजव्याच्या नावावर कसा जाऊ द्यायचा?"

डावरीला ओरडावंसं वाटलं, आणि त्याच वेळी त्यांच्या गळ्यात पडावंसंही वाटलं. दोन्हींतलं आधी काय करायचं ते ठरेना.

"ठरवा सावकाश," आई दारातून म्हणाली. "गाडीवाला खोळंबलाय. आधी ती पेटी उचला दोघं."

पेटीला दोन बाजूंना दोन कड्या होत्या. वस्तादांचा उजवा अजून प्लास्टरमध्ये होता, म्हणून त्यांनी डावा हात घातला. मग शेजारून चालायचं तर डावरीला उजवाच घालावा लागला.